गरोदरपण, बाळंतपण आणि वजनाचे टोमणे: हे सुरू कुठून झालं?

सातव्या महिन्यात तपासणीला गेले तेव्हा सिस्टरांनी माझं वजन फाइलमध्ये लिहायच्या आधी अख्ख्या ओपीडीला ऐकवलं, "78! काय मॅडम, दोघांचं खाताय की चौघांचं?" बाकावरच्या बायका हसल्या आणि मी चपला घालायचं निमित्त करून खाली बघत राहिले. पुढच्या तपासणीला मी सकाळपासून उपाशी गेले, पोटात बाळ असताना. ते आठवलं की अजून गलबलतं, म्हणून हे वजनाचे आकडे आले कुठून ते शोधत गेले.

1889 मध्ये जर्मनीत लुडविग प्रोखोव्हनिक नावाच्या डॉक्टरांनी गरोदर बायकांना शेवटच्या काही आठवड्यांत कमी खायला-प्यायला देण्याचा उपाय मांडला. तो होता मुडदुसामुळे कमरेचं हाड अरुंद झालेल्या बायकांसाठी, कारण तेव्हा सिझेरियन म्हणजे जिवाशी खेळ होता, बाळ लहान राहिलं तर आई वाचेल असा हिशोब. पण तो सल्ला हळूहळू सगळ्याच बायकांना लागू झाला. 1950-60 च्या दशकात अमेरिकेत तर नऊ महिन्यांत 7 ते 9 किलोच्या वर वजन वाढूच द्यायचं नाही, नाहीतर बीपी वाढून झटके येतील असं मानायचे, मीठ बंद करायचे, लघवीच्या गोळ्या द्यायचे, भूक मारायला अ‍ॅम्फेटामाइनसुद्धा. मग 1970 मध्ये तिथल्याच राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या समितीने सांगितलं की या उपासमारीने बाळं कमी वजनाची होतायत, 9 ते 11 किलो वाढू द्या. 1990 मध्ये बीएमआयप्रमाणे (म्हणजे उंचीच्या मानाने वजन किती त्याप्रमाणे) वेगवेगळे आकडे आले, 2009 मध्ये परत सुधारले, आता मध्यम बांध्याच्या बाईला साडेअकरा ते 16 किलो. म्हणजे आकडा डॉक्टरांचाच बदलत गेला, आणि दरवेळी ओरडा मात्र बाईलाच!

बीएमआयचं गणित मुळात 1830 च्या दशकातलं, बेल्जियमच्या केटलेचं, आणि तो संख्याशास्त्रज्ञ, त्याला सरासरी माणूस कसा असतो ते बघायचं होतं. भारतीयांसाठी जास्त वजनाची हद्द 25 ऐवजी 23 धरतात, त्यामुळे 24 बीएमआयची बाई एका तक्त्यात नॉर्मल आणि दुसऱ्यात ओव्हरवेट. शुगर-बीपीचा धोका वजनाने वाढतो हे खरंच आहे, ते डॉक्टरांनी सांगायलाच हवं, पण चारचौघांत ओरडून का?

आपल्याकडे तर उलटंही होतं. पहिलं बाळंतपण माहेरी, डिंकाचे लाडू, अळिवाची खीर, शेकशेगडी, आणि सासरी परतताना मुलगी अंगाने भरलेली दिसली की माहेरच्यांनी नीट केलं म्हणायचे. त्याच वेळी देशात बऱ्याच ठिकाणी बाळ मोठं होऊन अडेल म्हणून गरोदर बाईला कमी जेवायला सांगायचे, म्हणजे प्रोखोव्हनिकचंच लॉजिक. पुण्याजवळच्या सहा गावांत डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या टीमने 1990 च्या दशकात अभ्यास केला, तिथल्या आयांचा बीएमआय सरासरी 18 च्या आसपास आणि बाळं साधारण 2.7 किलोची. त्या शेतात राबणाऱ्या बायकांना खाणं कमी पडत होतं आणि शहरात आम्हाला लाडू खाल्ल्याबद्दल बोलणी.

लाडू तेच राहिले, कौतुक गेलं. यात मीडियाचा मोठा हात आहे असं मला वाटतं. ऐश्वर्या राय नोव्हेंबर 2011 मध्ये आई झाली आणि पुढच्या काही महिन्यांत तिच्या वजनावर काय काय बोलले लोक! 2013 मध्ये ब्रिटनच्या राजघराण्याची सून केट बाळ घेऊन बाहेर आली, तर एका मासिकाने लगेच तिच्या वजन घटवण्याची कव्हर स्टोरी केली, लोक संतापले तेव्हा माफी मागितली. अभिनेत्री समीरा रेड्डीने स्वतःच्या बाळंतपणानंतरच्या वजनाबद्दल, डिप्रेशनबद्दल उघड बोलायला सुरुवात केली तेव्हा कितीतरी जणींना धीर आला, मलाही.

दवाखान्यातल्या वागणुकीवर संशोधन मात्र बरंच उशिरा सुरू झालं. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँडमधला एक अभ्यास 2013 मध्ये आला, त्यात जास्त वजनाच्या बायकांनी सांगितलं की गरोदरपणात आणि बाळंतपणानंतर आपल्याला कमी चांगली वागणूक मिळाली. त्याच अभ्यासात मेडिकलच्या आणि सुईणकामाच्या विद्यार्थ्यांना केस वाचायला दिल्या, तर बाई लठ्ठ आहे एवढं कळल्यावर ती स्वतःची काळजी नीट घेत नसणार असं त्यांनी धरून चाललं. बाळंतपणानंतर सहा आठवड्यांनी मला दाखवायला बोलावलं होतं. टाक्यांजवळ दुखत होतं तरी मी गेले नाही, कारण दारातच तो काटा होता.