कारवानी कुत्रा

दख्खनच्या पठारावरील, वासापेक्षा नजरेने शिकार हेरून ती धावत गाठणारी देशी श्वानजात. दक्षिण महाराष्ट्र, मराठवाडा, उत्तर कर्नाटक आणि लगतचा तेलंगण हा तिचा मुलूख. खेड्यापाड्यांत तिला ‘कारवानी’ म्हणतात. कान, शेपूट व पायांवर रेशमी केसांची झालर असली तर ‘पश्मी’. बागलकोट जिल्ह्यातील मुधोळ गावावरून ‘मुधोळ हाउंड’ हे नाव रूढ झाले. केनेल क्लब ऑफ इंडिया हिची नोंद ‘कॅराव्हान हाउंड’ म्हणून करतो, तर इंडियन नॅशनल केनेल क्लब ‘मुधोळ हाउंड’ म्हणून. नावावरून हिरिरीने भांडणारे शौकीन पुष्कळ आहेत. मुळात जात एकच.

इराण व मध्य आशियाकडून आलेल्या व्यापारी काफिल्यांबरोबर हिचे पूर्वज इकडे आले असे मानतात. सलुकी या पश्चिम आशियाई जातीशी असलेले साम्य त्याला पुष्टी देते. मुधोळचे संस्थानिक मालोजीराव घोरपडे यांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात ही जात जोपासली आणि राजे पाचवे जॉर्ज यांना एक जोडी भेट दिली. भारतीय टपाल खात्याने 2005 मध्ये देशी कुत्र्यांवर तिकिटे काढली, त्यांत मुधोळ होता. मुधोळजवळ तिम्मापूर येथे या जातीचे संशोधन केंद्र असून, भारतीय सैन्यानेही मेरठ येथे या कुत्र्यांना प्रशिक्षण देऊन पाहिले आहे.

खोल छाती, आत ओढलेले पोट, लांबट निमुळते तोंड, लांब पाय. नर साधारण 68 ते 72 सेंमी. उंच, मादी थोडी कमी. भरधाव दौडीत प्रत्येक ढांगेला दोनदा चारही पाय जमिनीवरून सुटतात. हे शरीर काही मिनिटांच्या जिवाच्या आकांताच्या धावेसाठी घडलेले आहे आणि संगोपनाचे बहुतेक नियम त्यातूनच निघतात. मागच्या दोन-तीन बरगड्या दिसणे हे निरोगी कारवानीचे लक्षण आहे. शहरात ‘याला खायला घालत नाही का’ असे शेजारी हटकतात आणि मालक भिडेखातर कुत्रा लठ्ठ करून ठेवतो. सांध्यांची दुखणी तिथून सुरू होतात.

रोज दोन वेळा लांब फेरी हवीच, शिवाय आठवड्यातून काही वेळा कुंपण घातलेल्या मोकळ्या जागेत सुटे धावणे. कुंपण पुरुषभर उंच असावे. उघड्या माळावर सोडणे धोक्याचे, कारण ससा किंवा मांजर उठले की हाक कानावर पडूनही मागे फिरायचे त्याला सुचत नाही. शेळ्या-कोंबड्यांची ओळख पिल्लू असतानाच करून द्यावी लागते. मान डोक्याएवढीच रुंद असल्याने साधा पट्टा सहज निसटतो. रुंद पट्टा बरा. दिवसभर साखळीला बांधलेला कारवानी चिडका होतो, आणि मग ‘जातच तापट’ असा शिक्का बसतो.

ज्वारीची भाकरी दुधात किंवा ताकात कुस्करून घालणे हा गावाकडचा रिवाज. तेवढ्याने या कुत्र्याचे भागत नाही. अंडी, उकडलेले मांस असा प्रथिनांचा भाग हवा. शिजवलेली हाडे, कांदा, द्राक्षे व चॉकलेट टाळावे. जेवणानंतर निदान तासभर पळवू नये: खोल छातीच्या कुत्र्यांत पोटाला पीळ पडण्याचा धोका असतो आणि पोट फुगून कोरड्या ओकाऱ्या येऊ लागल्या तर काही तासांत जीव जाऊ शकतो.

अंगावर चरबी नाही, केस आखूड. उन्हाळा त्यामुळे सोसतो, पण थंडीत गोणपाट किंवा जुनी घोंगडी लागते. फरशीवर झोपवले तर कोपरांना घट्टे पडून जखमा होतात. ब्रशने आठवड्यातून एकदा विंचरले तरी पुरते. खरा शत्रू गोचीड. गोचीड तापात कुत्रा अन्न सोडतो, हिरड्या पांढुरक्या पडतात, कधी नाकातून रक्त येते; वेळीच तपासणी झाली तर डॉक्सिसायक्लिन या प्रतिजैविकाने बरा होतो. रेबीज, पार्वो व डिस्टेंपरच्या लसी आणि जंताचे औषध इतर कुत्र्यांप्रमाणेच. शस्त्रक्रियेपूर्वी मात्र जात कोणती हे डॉक्टरांना सांगावे, कारण सडपातळ धावऱ्या कुत्र्यांत थायोपेंटालसारख्या भुलीच्या औषधाचा अंमल फार वेळ टिकतो.

स्वभाव अलिप्त. परक्याने अंगाला हात लावलेला आवडत नाही, घरच्यांपैकी एखाद-दुसऱ्यावरच जीव. मारून शिकवायला गेले तर तो कायमचा बिथरतो. राखणीला उपयोग होतो, पण अंगावर धावून जाणारा कुत्रा हवा असलेल्याने दुसरी जात पाहावी.

वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, 1972 नुसार ससा मारणेही गुन्हा असल्याने ज्या कामासाठी ही जात घडली ते काम आता उरलेले नाही. तरी शर्यतींसाठी ग्रेहाउंडशी संकर होतो आणि तशी पिल्ले ‘अस्सल’ म्हणून विकली जातात. पिल्लू घेताना कागदापेक्षा त्याचे आईबाप डोळ्यांनी पाहावेत, आणि आठ आठवड्यांच्या आत ते आईपासून तोडू नये.