कॉग्निटिव्ह स्टिम्युलेशन थेरपी

सौम्य ते मध्यम स्मृतिभ्रंश (डिमेन्शिया) असलेल्या वृद्धांसाठी गटात घेतली जाणारी औषधविरहित उपचारपद्धती. ‘सीएसटी’ हे तिचे रूढ नाव. शब्दशः अर्थ ‘बोधन-उद्दीपन’; बोधन म्हणजे आठवणे, समजणे, विचार करणे या मनाच्या क्षमता.

तिचे मूळ अमेरिकेत 1950 च्या दशकाच्या अखेरीस सुरू झालेल्या वास्तवभान पद्धतीत आहे. त्यात रुग्णाला वार, तारीख, ठिकाण पुन्हा पुन्हा सांगत. पुढे त्याची घोकंपट्टी झाली आणि चुकलेल्याला दुरुस्त करण्याचा जाच तेवढा उरला. एमी स्पेक्टर, मार्टिन ऑरेल आणि बॉब वुड्स या ब्रिटिश संशोधकांनी त्यातले उपयोगी तेवढे ठेवून सीएसटी बांधली. 2003 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या चाचणीत 201 वृद्ध होते. गटात बसलेल्यांची बोधनक्षमता आणि जीवनमान इतरांपेक्षा सुधारले. बोधनातला लाभ त्या काळच्या औषधांच्या तोडीचा होता.

मूळ आराखडा 14 सत्रांचा : आठवड्यातून दोनदा, प्रत्येकी 45 मिनिटे, सात आठवडे. पाच ते आठ जणांचा गट स्वतःचे नाव आणि गाणे ठरवतो. सुरुवातीला चेंडू झेलाझेली होते, मग बालपण, खाणे, आवाज, पैसे, चालू घडामोडी असा एखादा विषय. सारी मदार प्रश्न विचारण्याच्या रीतीवर असते. दोन नटांची छायाचित्रे दाखवून ‘हे कोण?’ असे न विचारता ‘यांतला देखणा कोण वाटतो?’ असे विचारतात, कारण मत चुकत नाही. आपल्याकडे भेटीला येणारा प्रत्येक जण ‘ओळखलंत का मला?’ म्हणून आजींची परीक्षा घेतो. सीएसटीत नेमके तेच वर्ज्य आहे.

उपचारांविषयी मार्गदर्शन करणाऱ्या ब्रिटनच्या ‘नाइस’ या संस्थेने 2006 मध्ये अशा गटसत्रांची शिफारस केली आणि 2018 च्या मार्गदर्शनात ती कायम ठेवली. त्यामुळे तेथील स्मृतिचिकित्सालयांत ही पद्धत नित्याची झाली. घोडे अडते ते साध्या गोष्टींवर : आठवड्यातून दोनदा रुग्णाला आणणार कोण, खोली कुठली, दोन प्रशिक्षित माणसे मोकळी कशी करायची? शिवाय सात आठवड्यांनंतर काय, हा प्रश्न उरतोच. त्यासाठी 24 आठवड्यांची साप्ताहिक पुढची सत्रे आखली गेली. घरच्या माणसाने एकट्या रुग्णासोबत घ्यायच्या प्रकाराची चाचणी 2015 मध्ये प्रसिद्ध झाली. त्यात बोधनावर परिणाम दिसला नाही, मात्र दोघांतले नाते सुधारल्याचे रुग्णांनी नोंदवले.

टांझानियात अक्षरओळख नसलेल्यांसाठी शब्दखेळ बदलावे लागले. भारतात चेन्नईत तमिळ रूपांतर झाले. देशात साठीपुढच्या सुमारे 88 लाख लोकांना स्मृतिभ्रंश असल्याचा 2023 चा अंदाज आहे. गोव्यात स्थानिक कार्यकर्त्यांना शिकवून अशा रुग्णांच्या कुटुंबांना मदत करण्यासाठी घरोघरी पाठवण्याचा प्रयोग झाला होता. 2008 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या निष्कर्षांत काळजी घेणाऱ्यांचा मानसिक ताण कमी झालेला दिसला. तो प्रयोग सीएसटीचा नव्हता, पण रुग्णाला आणण्याचा प्रश्न त्यात उद्भवलाच नाही.