पीजीएल-बी : जिवाणूंमधलं साखर जोडणारं एन्झाइम

पीजीएल-बी हे कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी या जिवाणूतलं एन्झाइम आहे, तयार झालेली साखरेची साखळी उचलून प्रथिनावर बसवणं हे त्याचं काम. कॅम्पिलोबॅक्टर म्हणजे अर्धवट शिजलेल्या चिकनमधून पोटात जाऊन जुलाब लावणारा जिवाणू, कोंबडीच्या आतड्यात तो सहसा निवांत राहतो.

प्रथिनांवर साखर चढवणं हे प्राणी, वनस्पती, यीस्ट यांचंच काम, जिवाणूंना ते जमत नाही असं बरीच वर्षं मानलं जायचं. 1976 मध्ये हॅलोबॅक्टेरियममध्ये असं प्रथिन सापडलं, पण तो आर्किया गटातला सूक्ष्मजीव, खरा जिवाणू नव्हे. मग 1999 मध्ये क्रिस्टीन शिमान्स्की आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की कॅम्पिलोबॅक्टरमधला पीजीएल हा जनुकांचा गट एका नाही तर अनेक प्रथिनांवर साखर लावतो. आणि 2002 मध्ये झुरिचच्या मार्कस एबी यांच्या गटानं लंडनच्या ब्रेंडन रेन यांच्या टीमबरोबर हा अख्खा जनुकगट ई. कोलाय या प्रयोगशाळेतल्या नेहमीच्या जिवाणूत घातला आणि ई. कोलायही साखर लावलेली प्रथिनं बनवायला लागला. या विषयातला सगळ्यात मोठा प्रयोग माझ्या मते हाच, कारण पुढचं बरंच काही यातूनच निघालं.

साखळी सात साखरांची असते. पहिली बॅसिलोसमाइन, मग पाच एन-ॲसिटिलगॅलॅक्टोसमाइन आणि बाजूला फांदीसारखा एक ग्लुकोज. ती पेशीच्या आतल्या बाजूला एका लिपिडवर, म्हणजे चरबीसारख्या रेणूवर, एकेक साखर जोडत तयार होते, मग पीजीएल-के हे दुसरं प्रथिन एटीपी, म्हणजे पेशीचं इंधन, खर्च करून तिला पेशीपटलाच्या पलीकडे उलटवतं, आणि तिथं पटलात रुतून बसलेलं पीजीएल-बी ती अख्खी साखळी प्रथिनातल्या ॲस्परजीन या अमिनो आम्लाच्या नायट्रोजनला जोडतं. पण कुठल्याही ॲस्परजीनला नाही हं. त्याच्यानंतर एक जागा सोडून सेरीन किंवा थ्रिओनीन ही अमिनो आम्लं लागतात, आणि आधी एक जागा सोडून ॲस्पार्टिक किंवा ग्लुटामिक आम्ल, मधल्या दोन्ही जागी प्रोलीन चालत नाही. ही आधीच्या आम्लाची अट माणसाच्या पेशीत नसते. दुसरा फरक म्हणजे यीस्टमध्ये हेच काम आठ प्रथिनांचा संच मिळून करतो, पीजीएल-बी एकटंच करतं, म्हणून अभ्यासाला ते फार सोयीचं पडलं. कॅम्पिलोबॅक्टर लारी या भावंडातल्या पीजीएल-बीची त्रिमितीय रचना 2011 मध्ये झुरिचच्याच कास्पर लोखर यांच्या गटानं काढली, आणि एरवी प्रतिक्रिया द्यायला नाखूश असलेला ॲस्परजीनचा नायट्रोजन एन्झाइम कसा तयार करत असेल याचा पहिला नीट अंदाज तिथून आला.

पीजीएल जनुकं बंद केली तर जिवाणू मरत नाही, पण कोंबडीच्या आतड्यात नीट वस्ती करू शकत नाही. एक घोळ नेहमी होतो, कॅम्पिलोबॅक्टरच्या संसर्गानंतर काहींना होणारा गियाँ-बारे सिंड्रोम हा नसांचा आजार या साखळीमुळे नाही, तो पेशीच्या बाहेरच्या आवरणावरच्या वेगळ्या साखरांमुळे होतो ज्या आपल्या नसांवरच्या साखरांसारख्या दिसतात.

खरा उपयोग लसींमध्ये. नेहमीच्या काँजुगेट लसीत रोगजंतूची साखर वेगळी काढायची, वाहक प्रथिन वेगळं बनवायचं, मग रसायनं वापरून दोन्ही जोडायचं, आणि दर टप्प्याला शुद्धीकरण. पीजीएल-बी असलं की हे सगळं ई. कोलायच्या पेशीतच उरकतं, आणि साखळीच्या बाबतीत हे एन्झाइम बरंच उदार असल्यामुळे शिगेलासारख्या दुसऱ्या जंतूची साखळीही ते चढवतं. झुरिचजवळची ग्लायकोव्हॅक्सिन कंपनी याच पद्धतीवर उभी राहिली, ती 2015 मध्ये जीएसके या औषध कंपनीनं घेतली. मर्यादा एकच पण मोठी: साखळीची पहिली साखर ॲसिटिलअमिनो गट असलेली लागते, त्यामुळे ग्लुकोजनं सुरू होणाऱ्या साखळ्या, म्हणजे न्यूमोनिया करणाऱ्या न्यूमोकोकस जिवाणूच्या बऱ्याचशा कवचांच्या, पीजीएल-बीला जमत नाहीत. त्यासाठी आता ॲसिनेटोबॅक्टर या दुसऱ्या जिवाणूमधलं पीजीएल-एस हे एन्झाइम वापरतात, ते ॲस्परजीनऐवजी सेरीनला साखळी जोडतं आणि ग्लुकोजही चालवून घेतं.