छातीवर ठेवलं म्हणजे कांगारू झालं असं नाही

"आम्ही पण केली ना कांगारू केअर! जन्मल्याबरोबर तासभर बाळ माझ्या छातीवर होतं." हे वाक्य कानावर आलं की मी मनात दहा आकडे मोजते. त्या आईचा काही दोष नाही. दोन वेगळ्या गोष्टींना सरसकट एकच नाव लावणाऱ्या पोस्टर आणि रीलवाल्यांचा आहे.

जन्मानंतरचा पहिला तास आता बहुतेकांना पाठ आहे. बाळाला पुसून कोरडं करायचं, आईच्या उघड्या छातीवर पालथं ठेवायचं, वरून कोरडं पांघरूण घालायचं, तासभर तरी उचलायचं नाही आणि त्याच तासात अंगावर पाजायला घ्यायचं. मायलेकरं ठीक असली की झालं, मग बाळंतपण नैसर्गिक असो वा सिझेरियन. यावर आणखी शाई खर्च करत नाही.

कांगारू मदर केअर, म्हणजे बाळाला उघड्या अंगाने छातीशी बांधून ठेवण्याची पद्धत, ही मात्र ३७ आठवडे भरण्याआधी जन्मलेल्या किंवा २५०० ग्रॅमपेक्षा कमी वजनाच्या बाळांसाठी आहे. १९७८ साली कोलंबियातल्या बोगोटा शहरात डॉ. एडगर रे सानाब्रिया यांनी ती सुरू केली. रुग्णालयात काचेच्या पेट्या पुरत नव्हत्या, एकेका पेटीत दोन-तीन बाळं ठेवावी लागत, जंतुसंसर्गाने मुलं दगावत होती. तेव्हा बाळं आयांच्याच छातीशी बांधायची, असं ठरलं. ही अडचणीतून निघालेली युक्ती होती, म्हणून 'पेटी नाही त्यांच्यासाठी कांगारू' हा शिक्का तिला आजही चिकटलेला आहे. पेट्या हव्या तेवढ्या आहेत अशा ठिकाणीही आता ती दिली जाते.

दोन्हींत उघडं अंग उघड्या अंगाला लागतं आणि दोन्हींत दूध पाजणं येतं, म्हणून गल्लत होते. खरा फरक तासांचा आहे. पहिली गोष्ट एकदाच होते आणि संपते. दुसरी औषधासारखी आहे आणि तिला मात्रा आहे: दिवसाचे ८ ते २४ तास, रोज, कित्येक दिवस, कधी कित्येक आठवडे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ च्या शिफारशींत ही मात्रा स्पष्ट लिहिलेली आहे. तरीही "रोज अर्धा तास कांगारू देतो" असं अभिमानाने सांगणारे भेटतातच. पाच दिवसांच्या गोळ्यांतली एकच घेऊन कोणी "कोर्स पूर्ण केला" म्हणत नाही.

तास इतके का मोजायचे? अंगात ऊब तयार करणारी तपकिरी चरबी गर्भात शेवटच्या आठवड्यांत साठते. ते आठवडेच या बाळाला मिळालेले नसतात. त्यात कातडी पातळ आणि वजनाच्या मानाने अंगाचा पसारा मोठा, म्हणून ऊब भराभर निघून जाते. दुधातून मिळालेली ताकद मग वजन वाढवण्याऐवजी अंग गरम ठेवण्यात खर्च होते. आईची छाती ही ऊब आयती पुरवते, पण बाळ तिथे असेल तेव्हाच. म्हणून एकदा ठेवलं की निदान तासभर तरी हलवू नये. दहा-दहा मिनिटांनी काढणं-घालणं म्हणजे त्याला उगाच दमवणं.

२०२१ साली प्रसिद्ध झालेली एक चाचणी मला यासाठीच आवडते. भारत, घाना, मलावी, नायजेरिया आणि टांझानिया इथल्या पाच रुग्णालयांत १ किलो ते १७९९ ग्रॅम वजनाची ३२११ बाळं त्यात होती. एका गटाला जन्मानंतर लगेच कांगारू सुरू केलं, दुसऱ्याला नेहमीप्रमाणे प्रकृती सावरल्यावर. अतिदक्षता विभागात असताना पहिल्या गटाच्या छातीवरच्या वेळेचा मध्यक (मधला आकडा) दिवसाला १६.९ तास होता, दुसऱ्याचा १.५ तास. म्हणजे दुसऱ्या गटालाही छातीचा स्पर्श मिळत होता, फक्त उशिरा आणि थोडका. पहिल्या २८ दिवसांतले मृत्यू पहिल्या गटात १२ टक्के, दुसऱ्यात १५.७ टक्के. दीड तासवाल्या घरांनी हे आकडे दोनदा वाचावेत.

"बाळ जरा स्थिरावू दे, मग बघू" हा जुना नियमही याच चाचणीनंतर मागे पडला. स्वतःहून श्वास घेता येत नाही, बाळ शॉकमध्ये (रक्ताभिसरण कोलमडलेलं) आहे किंवा व्हेंटिलेटरवर आहे, अशी गंभीर अवस्था सोडली तर आता वाट बघायची नाही. सलाइन किंवा नळीने दूध चालू आहे, एवढ्यावरून कोणी थांबवत असेल तर डॉक्टरांना कारण विचारा.

आता माझा आवडता राग. सोळा तास एकटी आई कशी देईल? तिला जेवायचं असतं, अंघोळ करायची असते, टाके दुखत असतात. नावात 'मदर' आहे म्हणून बाबा लोक काचेबाहेर उभे राहून फोटो काढतात. छाती त्यांनाही आहे! बाबा, आजी, मावशी, कोणीही निरोगी माणूस हात धुऊन पाळी घेऊ शकतो. पाजणं तेवढं आईचं. बाळाला ओढता येत नसेल तर तिचं काढलेलं दूध वाटी-चमच्याने किंवा नळीने द्यायचं.

कपड्यांचं थोडक्यात: बाळाला टोपी, मोजे, लंगोट, बाकी काही नाही. मधे झबलं किंवा ब्लाऊज आला की मग ते नुसतं कडेवर घेणं. ठेवण्याची पद्धत मात्र नीट शिकून घ्या. बाळ उभं, दोन्ही स्तनांच्या मधे, पाय बेडकासारखे दुमडलेले, मान एका बाजूला वळवून किंचित वर. बाळाची हनुवटी त्याच्याच छातीवर टेकली की श्वासाची वाट दबते. नाकपुड्या मोकळ्या आणि चेहरा सतत दिसता हवा. आईने सपाट झोपायचं नाही, पाठीला टेकू घेऊन रेलायचं.

थांबवायचं कधी, हे मला सगळ्यात जास्त विचारलं जातं. पहिल्या तासाचा शेवट घड्याळ सांगतं. इथे साधारण अडीच किलोच्या आसपास एक दिवस बाळ वळवळायला लागतं, हातपाय बाहेर काढतं, घामेजतं, पुन्हा आत ठेवलं की रडतं. तोवर आईला इतकी सवय झालेली असते की बाळ बांधायचा पट्टा सोडताना तिचाच पाय निघत नाही.