दोन व्हीलॅन जोडायला वेगळा राउटर लागतोच, हा गैरसमज

बेळगाव, खानापूर, निपाणी भागात नेटवर्कची कामं करताना एक वाक्य हमखास कानावर येतं: "एका व्हीलॅनमधून दुसऱ्यात जायचं तर राउटर घ्यावाच लागतो." व्हीलॅन म्हणजे एकाच स्विचवर पाडलेलं वेगळं नेटवर्क. लेयर-२ स्विचपुरतं, म्हणजे एका व्हीलॅनच्या आतच डेटा पोचवणाऱ्या स्विचपुरतं, ते खरं आहे. लेयर-३ स्विच मात्र हे राउटिंग, म्हणजे एका नेटवर्कमधून दुसऱ्यात डेटा पाठवण्याचं काम, स्वतःच करतो.

निपाणीतल्या एका सोसायटीत याच समजुतीपायी राउटरची ऑर्डर निघणार होती. काउंटर व्हीलॅन १० वर, हिशेब विभाग २० वर, आणि दोघांत पिंग (समोरचं यंत्र उत्तर देतं का हे पाहणारी चाचणी) जाईना. स्विच लेयर-३ होता, दोन्ही व्हीलॅन इंटरफेसना (स्विचमधली त्या-त्या व्हीलॅनची दारं) आयपी पत्तेही दिलेले. राहिली होती ती 'आयपी राउटिंग' ही एक कमांड. सिस्को कंपनीच्या बऱ्याच कॅटलिस्ट स्विचवर ती मुळात बंद असते. सभासदांच्या पैशातून होणारा तो खर्च एका ओळीने वाचला, याचं मला फार समाधान वाटलं.

कमांड देऊनही अडलं, तर पीसीवरून आधी स्वतःच्या व्हीलॅनचा गेटवे, म्हणजे स्विचवरच्या त्या व्हीलॅन इंटरफेसचा आयपी पत्ता, पिंग करा. तोच मिळत नसेल तर इंटरफेस डाउन असेल. त्या व्हीलॅनचा एक तरी पोर्ट चालू असल्याशिवाय तो वर येत नाही. मग समोरच्या व्हीलॅनचा गेटवे. इथे अडलं तर पीसीत भरलेला डिफॉल्ट गेटवे तपासा, तिथे बहुधा इंटरनेटच्या मोडेमचा पत्ता सापडतो. दोन्ही गेटवे उत्तर देतात आणि फक्त पलीकडचा पीसी गप्प, असं असेल तर स्विचला हात लावू नका. विंडोजचा फायरवॉल दुसऱ्या सबनेटवरून (इथे दुसऱ्या व्हीलॅनमधून) आलेला पिंग बऱ्याचदा अडवतो.

इंटरनेटसाठी राउटर लागतो, ती गोष्ट वेगळी.