कम्युनिटी कॉलेजातील लिबरल आर्ट्स शिक्षण

अमेरिकेतील कम्युनिटी कॉलेजे ही सार्वजनिक निधीवर चालणारी, मुख्यतः दोन वर्षांचे शिक्षण देणारी महाविद्यालये आहेत. साहित्य, इतिहास, तत्त्वज्ञान, सामाजिक शास्त्रे, गणित आणि निसर्गविज्ञाने यांचा एकत्रित पायाभूत अभ्यास तेथे लिबरल आर्ट्स या नावाने शिकवला जातो. त्यातून ‘असोसिएट ऑफ आर्ट्स’ ही पदवी मिळते आणि पुढील दोन वर्षे विद्यापीठात काढून विद्यार्थी बॅचलर पदवी घेऊ शकतो. ही महाविद्यालये परिचारिका, वाहनदुरुस्ती किंवा वेल्डिंगच्या प्रशिक्षणासाठी अधिक ओळखली जात असली, तरी देशात दिल्या जाणाऱ्या असोसिएट पदव्यांमध्ये सर्वांत मोठा वाटा लिबरल आर्ट्स व सामान्य अध्ययन या गटाचाच असतो.

ऐतिहासिकदृष्ट्याही हाच या संस्थांचा मूळ हेतू होता. शिकागो विद्यापीठाचे अध्यक्ष विल्यम रेनी हार्पर यांच्या मते पदवीची पहिली दोन वर्षे व्यापक अध्ययनाची असल्याने ती विद्यापीठाबाहेरही शिकवता येण्याजोगी होती. त्यांच्या व शाळाप्रमुख जे. स्टॅन्ली ब्राउन यांच्या प्रयत्नांतून 1901 साली इलिनॉय राज्यात जॉलिएट ज्युनियर कॉलेज अवघ्या सहा विद्यार्थ्यांनिशी सुरू झाले. पुढे 1947 च्या ट्रुमन आयोगाने अशा महाविद्यालयांचे देशभर जाळे उभारण्याची शिफारस केली आणि ‘कम्युनिटी कॉलेज’ हे नाव रूढ झाले. भारतात विद्यापीठ अनुदान आयोगाच्या योजनेतील याच नावाच्या संस्थांचा भर मात्र कौशल्यशिक्षणावर आहे.

असोसिएट पदवीसाठी साधारणपणे 60 क्रेडिट, म्हणजे अभ्यास मोजण्याची एकके, लागतात. कॅलिफोर्नियात राज्यातील रहिवाशाला एका क्रेडिटसाठी 46 डॉलर शुल्क पडते, म्हणजे पुस्तके व इतर खर्च वगळता पदवीचे शिक्षणशुल्क 2,760 डॉलर होते. बारावीतील गुणांची अट नसते. त्यामुळे वर्गात नुकती शाळा संपवलेली मुले, दिवसभर नोकरी करून संध्याकाळी येणारे पालक, माजी सैनिक आणि नव्याने स्थलांतरित झालेले लोक शेजारी शेजारी बसतात. इतिहासाच्या तासाला युद्धावर चर्चा सुरू झाली की युद्ध पाहिलेला माणूस त्याच वर्गात असू शकतो, आणि या शिक्षणाचे खरे वैभव तेथेच आहे.

सर्वांत निर्णायक विषय बहुधा इंग्रजी निबंधलेखनाचा असतो. विद्यार्थी कच्चा मसुदा लिहितो, प्राध्यापक समासात शेरे देतात, मग तोच निबंध पुन्हा लिहिला जातो. पुराव्याशिवाय केलेले विधान खोडले जाते. पूर्वी प्रवेशानंतर विषयाची पातळी ठरवणाऱ्या चाचणीत कमी पडलेल्यांना त्याआधी एक-दोन सत्रे क्रेडिट नसलेले पूर्वतयारीचे वर्ग करावे लागत आणि अनेक जण तेथेच गळत. कॅलिफोर्नियाने 2017 साली कायदा करून या वर्गांची सक्ती बरीच कमी केली आणि बहुतेकांना थेट विद्यापीठमान्य अभ्यासक्रमात बसण्याचा मार्ग खुला केला. अध्यापनाचा मोठा भार अर्धवेळ, तुटपुंज्या मानधनावर काम करणाऱ्या शिक्षकांवर असतो. मसुदे तपासण्यासारखे वेळखाऊ काम त्यांच्याकडून अपेक्षिणारी व्यवस्था त्या वेळाचे मोल पुरेसे देत नाही, ही या शिक्षणाची गंभीर उणीव मानावी लागेल.

दुसरी उणीव विद्यापीठात जाण्याच्या टप्प्यावर दिसते. प्रवेश घेणाऱ्यांपैकी बहुसंख्यांना बॅचलर पदवी हवी असते, पण प्रत्यक्षात चार वर्षांच्या संस्थेत पोहोचतात ते सुमारे एक तृतीयांश. पोहोचल्यावरही तत्त्वज्ञान किंवा समाजशास्त्राचे क्रेडिट विद्यापीठ अनेकदा केवळ ‘ऐच्छिक’ म्हणून मान्य करते. ते एकूण बेरजेत धरले जाते, परंतु मुख्य विषयाच्या अटी त्याने पूर्ण होत नाहीत, आणि विद्यार्थ्याला त्याच स्वरूपाचा अभ्यास पुन्हा पैसे भरून करावा लागतो. यावर उपाय म्हणून फ्लोरिडाने राज्यभर अभ्यासक्रमांना समान क्रमांक दिले. कॅलिफोर्नियाने 2010 च्या कायद्याने विशेष ‘स्थानांतर असोसिएट पदवी’ निर्माण केली. ती पूर्ण करणाऱ्याला कॅलिफोर्निया स्टेट युनिव्हर्सिटी या विद्यापीठसमूहात तिसऱ्या वर्षात प्रवेशाची हमी मिळते. मात्र ही हमी समूहापुरती असते. घराजवळच्या विशिष्ट विद्यापीठात जागा मिळेलच असे नाही, आणि नोकरी व मुलेबाळे सोडून दुसऱ्या शहरी जाणे ज्यांना शक्य नसते, त्यांची वाट तेथे पुन्हा अडते.