चिमूटभर पांढरी राख

१ मार्च १९५४. उजाडायला अजून अवकाश होता. मार्शल बेटांजवळच्या समुद्रात ट्यूना पकडणाऱ्या ‘दाइगो फुकुर्यू मारू’ या जपानी लाकडी नौकेच्या केबिनमध्ये २० वर्षांचे ओइशी माताशिची पडले होते. अचानक पिवळा उजेड आत शिरला. ते धावत डेकवर आले, तर आकाश आणि पाणी त्याच रंगात बुडालेलं. आवाज मात्र कसलाच नाही.

आवाज आला ७-८ मिनिटांनी. हवेत ध्वनीला एक किलोमीटर जायला साधारण ३ सेकंद लागतात. म्हणजे स्फोट दीडशे किलोमीटरच्या आसपास, बिकिनी बेटावर झाला होता. अमेरिकेच्या त्या हायड्रोजन बॉम्बकडून ५-६ मेगाटनांची (एक मेगाटन म्हणजे दहा लाख टन टीएनटी स्फोटकाइतकी ताकद) अपेक्षा होती, झाले १५. बॉम्बमधलं, निरुपद्रवी समजलेलं लिथियम-७ वेगवान न्यूट्रॉनांनी फुटलं आणि त्यानेही इंधन पुरवलं.

काही तासांनी पांढरी भुकटी पडू लागली. ते बिकिनीचं प्रवाळ होतं. कोकणात शिंपले भाजून चुना करत, तोच प्रकार, फक्त या चुन्याला किरणोत्सारी कण चिकटलेले. गळांची लांबलचक दोरी ओढून घ्यायला तासनतास लागले. तोवर डेकवर पावलांचे ठसे उमटण्याइतकी राख साचली. पुढे मळमळ, भाजल्यासारखी कातडी, केस गळणं. १४ मार्चला नौका याइझू बंदरात परतली. २३ जणांपैकी रेडिओ ऑपरेटर कुबोयामा आइकिची २३ सप्टेंबरला गेले.

राखेत काय आहे, हे अमेरिकेने डॉक्टरांना सांगितलं नाही. बॉम्बची रचना उघड होईल, ही भीती. माणसं अंथरुणाला खिळलेली असताना राखलेलं हे गुपित मला अक्षम्य वाटतं.

ते फुटलं राखेतूनच. टोकियो विद्यापीठाच्या किमुरा केंजिरो यांना तीत युरेनियम-२३७ सापडलं. साध्या युरेनियम-२३८ वर अतिवेगवान न्यूट्रॉन आदळून त्यातला एक न्यूट्रॉन उडाला, की ते तयार होतं. असे न्यूट्रॉन हायड्रोजनच्या संमीलनातून, म्हणजे त्याची अणुकेंद्रकं एकत्र जुळताना येतात. म्हणजे बॉम्बमध्ये साधं युरेनियमही भरपूर होतं, आणि तेही फुटलं होतं. इतकी घातक राख त्यातूनच आली.

युरेनियम-२३७ दर ७ दिवसांत जवळपास निम्मं होतं. नौका आणखी दोन-तीन महिने समुद्रात राहिली असती, तर ते हाती लागणं कठीण होतं. किमुरांना ते परकं नव्हतं. १९४० साली भौतिकशास्त्रज्ञ निशिना योशिओ यांच्यासोबत त्यांनीच ते पहिल्यांदा शोधलं होतं.